तुळसाबाईंचा ओटा

गावाचं नाव मी लिहीत नाही. भंडारा जिल्ह्यातलं आहे, एसटी थांबते, नगरपंचायत आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर नगरपंचायतीतला कोणीतरी हे वाचेल, त्याला राग येईल, आमच्या मोहल्ल्याचा नळ दोन दिवस बंद पडेल आणि त्याचीही तक्रार लिहायला तुळसाबाई मलाच बसवतील. या वयात मला तेवढा त्रास नको.

मी तेजराम गभणे, एसटीतला निवृत्त कंडक्टर. उभी हयात लोकांची कुरकुर ऐकण्यात गेली. खिडकीला काच नाही, सीट फाटली, ड्रायव्हर हाणतो फार. गाडीत तक्रारपुस्तक असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते मागायचं म्हटलं की सगळ्यांचं उतरायचं ठिकाण जवळ येतं. त्यामुळे जो माणूस नाव लावून तक्रार करतो, त्याच्याबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो माझ्या शेजारच्या घरात राहतो.

तुळसाबाई सेलोकर म्हणजे लक्ष्मणरावांची बायको. माहेर सानगडीचं. अंगानं काडी, आवाज मात्र असा की या बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या बांधावरची बाई कंबर सरळ करून पाहते. साठी कधीच उलटली, तरी हंगामात अजून भाताच्या रोवणीला जातात. मुलगा अंकुश नागपुरात नोकरीला. लक्ष्मणराव गवंडी होते आणि माझे जिवाचे दोस्त. कोरोनाच्या आधीच्या उन्हाळ्यात ते गेले, तेव्हापासून घरात त्या एकट्याच.

गावाला नगरपंचायत झाली तेव्हा आम्हा पुरुषमंडळींना कळलंच नाही की काय बदललं. आम्ही आपले जुन्या सरपंचाला रस्त्यात गाठून नालीचं रडगाणं गात होतो आणि तो बिचारा मान हलवत होता. तुळसाबाईंनी मात्र सरळ ऑफिस गाठलं. खांबावरचा दिवा दिवसा पेटत होता आणि अंधार पडला की विझत होता. बाबूनं विचारलं, काय तक्रार आहे? त्या म्हणाल्या, "दिवा आहे जी आमच्या गल्लीतला. कामाच्या येळी झोपते. तुमच्याच ऑफिसातला वाटते." बाबूला हसावं की रागवावं ते कळेना. दिवा मात्र दुरुस्त झाला.

पुढे मोबाईलवर तक्रारी घ्यायची सोय निघाली. तुळसाबाईंना लिहिता येत नाही असं नाही, पण त्या एवढ्याशा अक्षरांवर त्यांचं बोट बसत नाही. म्हणून त्या बोलायच्या आणि मी टाइप करायचो. मेलेलं डुक्कर, गळका नळ, शाळेच्या वाटेवरचा खड्डा, लग्नाच्या मंडपासाठी खोदून तसेच सोडलेले भोकसे, सगळं माझ्या अंगठ्याखालून गेलं. आणि प्रत्येक तक्रारीला त्यांचा एक कायदा होता. ज्याच्याबद्दल सांगायचं, त्याला आधी तोंडावर सांगायचं. मग ऑफिसात. आणि ज्याचं चुकलं त्याचं नाव लिहायचं, खाली आपलं लिहायचं.

कोंबडीच्या दुकानवाला पिसं नालीत टाकायचा, तेव्हा त्याला गिऱ्हाइकांसमोर त्यांनी सांगितलं, "उद्या तुझं नाव देऊन राहिली बरं मी." मी म्हटलं, वयनी, निनावी टाकू, कायले वाकडेपणा घेता? तर माझ्यावरच उखडल्या. "निनावी? मी का कोनाच्या कोंबड्या चोरल्या का?"

आता नालीचं.

आमच्या गल्लीला एकच नाली आहे, घरांच्या पुढून जाणारी. चार-पाच वर्षांपासून जोराचा पाऊस झाला की ती फुगायची आणि पाणी सगळ्यात सखल घरात शिरायचं. ते घर सुलोचनाबाई रामटेक्यांचं, तुळसाबाईंच्या अलीकडचं. सुलोचनाबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता घरीच असतात, गुडघे कामातून गेलेले. पाणी स्वयंपाकघरात आलं की त्या पाय वर घेऊन खाटेवर बसून राहायच्या आणि तुळसाबाई सुपलीनं पाणी उपसायच्या. दोघींची मैत्री लग्न होऊन या गल्लीत आल्या तेव्हापासूनची. एकीच्या घरची भाजी दुसरीच्या घरी गेल्याशिवाय दोघींना जेवण जात नाही.

नालीच्या तक्रारी आम्ही किती केल्या ते मला आठवत नाही. माणसं यायची, वरच्या अंगाला गाळ काढायची, मोबाईलवर उत्तर यायचं, "तक्रारीचे निराकरण झाले आहे." पुढच्या पावसात सुलोचनाबाई पुन्हा खाटेवर. मी ऑफिसला शिव्या घालायचो, तुळसाबाई नवी तक्रार सांगायच्या.

तक्रारीला फोटो जोडावा लागायचा. इथे आमच्या बायकांनी एक भलतीच रीत पाडली. नुसत्या नालीचा फोटो काढायचा म्हणजे काय? फोटोत माणूस नको? फोटो काढायचा म्हटलं की पाच-सहा जणी केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून हजर. आणि सगळीकडे पाणी, म्हणून उभं राहायचं ते एकाच कोरड्या जागी, तुळसाबाईंच्या ओट्यावर. मी चिडायचो. म्हणायचो, बायांनो, ही तक्रार आहे, बारसं नाही. पण कोण ऐकतं? नालीचे आमचे सगळे फोटो असेच आहेत, मध्ये ओट्यावर नटलेल्या बाया, आणि नाली कुठेतरी कडेला.

मागच्या वर्षी नगरपंचायतीत नवी इंजिनिअर आली, कामिनी मॅडम. चिखल्याच्या मँगनीज खाणीतल्या कामगाराची पोर, वयानं लहान, बोलायला गोड आणि बुटांना कायम चिखल. ऑगस्टमध्ये ती स्वतः गल्लीत आली. येताना सगळे जुने फोटो पाहून आली होती. तुळसाबाईंनी खुर्ची टाकली, चहा ठेवला. मॅडम बसली नाही. तिनं मोबाईल पुढे धरला आणि म्हणाली, "आजी, हे बघा. सगळ्या फोटोंमध्ये ओट्याच्या अलीकडे गुडघाभर पाणी आहे. आणि पलीकडे नालीत कोंबड्या चरताहेत."

आम्ही पाहिलं. खरंच, कोंबड्या होत्या. इतकी वर्षं आम्ही त्या फोटोंत फक्त आपापलं थोबाड पाहत होतो.

मॅडमनं एक बांबू मागितला आणि ओट्याखालून जाणाऱ्या नालीच्या पाइपात घातला. हातभर गेला आणि अडकला. ती हळूच म्हणाली, "दुखणं इथं आहे, आजी. ज्यानं बांधलं त्यानं चुकीचं नव्हतं बांधलं. तेव्हा घरं कमी होती, एवढा पाइप पुरत होता. आता मागं नवं ले-आउट पडलं, त्याचं सगळं पाणी इथूनच येतं. नालीवरचे सगळे ओटे काढून नाली उघडी करावी लागेल. पण सुरुवात इथूनच, कारण तुंबतं इथंच."

चहा उकळून उतू गेला. तुळसाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमी आता जा, मॅडम. चाय मंग कधी." आणि दार लावून घेतलं. त्या घरातून बिनचहाचा गेलेला मी पाहिलेला तो पहिला माणूस.

त्या ओट्याबद्दल सांगितल्याशिवाय हे दार लागणं कळायचं नाही. आमच्या गल्लीतला प्रत्येक ओटा लक्ष्मणरावांनी बांधलेला. माझाही. लोकांची कामं आधी उरकली आणि घरचं सगळ्यात शेवटी केलं, दिवसभर दुसऱ्याकडे राबून आल्यावर, संध्याकाळी उजेड असेतो. काळी फरशी, कडा गोल केलेल्या, का तर रांगत्या पोराच्या कपाळाला खोक पडू नये. शेवटच्या आजारात त्यांना घरात कोंडल्यासारखं व्हायचं. मग तुळसाबाई त्यांना धरून ओट्यावर आणून बसवायच्या आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्यांशी दोन शब्द बोलायचे. अंकुशनं घराला टाइल्स लावल्या, रंग दिला, पण तुळसाबाईंनी त्याला ओट्याला हात लावू दिला नाही. घर कोणाचंही असेल, ओटा लक्ष्मणरावांचा होता.

आणि आता तोच ओटा सुलोचनाबाईंच्या चुलीत पाणी घालत होता.

त्यानंतर तुळसाबाई गप्प झाल्या. खांबावरचा दिवा गेला, त्यांनी सांगितलं नाही. कचऱ्याची गाडी यायची थांबली, त्यांनी विचारलं नाही. मी एकदा मुद्दाम मोबाईल घेऊन गेलो, म्हटलं, वयनी, काही लिहायचं आहे का? त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी आता कोन्या तोंडानं सांगू, तेजराम भाऊ? माझ्याच घरापुढं गळा दाबून ठेवला नालीचा. अन् ओटा मोडा असं म्हनायले माझी जीभ वळून नाही राहिली."

सुलोचनाबाईंनी या बाबतीत एक शब्द काढला नाही. रोज भाजी घेऊन यायच्या, बसायच्या, जायच्या. बोलल्या असत्या, भांडल्या असत्या तर तुळसाबाईंना सोपं गेलं असतं. मला ते बघवत नव्हतं आणि काही करताही येत नव्हतं, म्हणून मी दिवसभर सगळ्यांवर खेकसत फिरत होतो.

बोलला तो विनोद. गल्लीच्या तोंडावर त्याचा पानठेला आहे. तोही नालीवरच्या स्लॅबवर, आणि तो स्लॅबही लक्ष्मणरावांचाच. तंबाखूच्या खर्ऱ्याच्या प्लास्टिक पन्न्या नालीत जायच्या, त्यावरून तुळसाबाईंनी त्याला दोनदा आपल्या कायद्यानुसार तोंडावर सांगून मग लिहून दिलं होतं, तो राग त्याच्या पोटात होता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगत सुटला, "गावाची घाण दाखवणाऱ्या बाईच्याच दारात बोळा निघाला, भाऊ." मी एक दिवस त्याच्याकडे पान खायचं बंद केलं. त्यानं त्याचं काही बिघडलं नाही, पण मला बरं वाटलं.

मग पोळा आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी आमच्याकडे मारबत निघते. आदल्या दिवशी दारात ठेवलेल्या पळसाच्या फांद्या उचलायच्या आणि गल्लीगल्लीतून ओरडत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायच्या. एकानं गावाला छळणाऱ्या गोष्टीचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी एका आवाजात म्हणायचं, घेऊन जा गे मारबत! पूर्वी खोकला, ताप, ढेकूण, मच्छर एवढ्यावर भागायचं. आता पोट्टे विजेचं बिल घेतात, नेटवर्क घेतात, मास्तरांची नावं घेतात. वर्षातून एक दिवस, कोणी रागवायचं नाही असा दंडक. खरं सांगायचं तर तक्रार करायची पद्धत आमच्याकडे नगरपंचायतीच्या आधीपासून आहे.

त्या सकाळी मी मिरवणुकीच्या मागे चालत होतो. विनोद पुढे होता. "लाइट जाते ते!" "घेऊन जा गे मारबत!" "रस्त्यातले खड्डे!" "घेऊन जा गे मारबत!" असं करत सगळे आमच्या गल्लीत शिरले. दारोदारी बायका पाहायला उभ्या होत्या. तुळसाबाई ओट्यावर होत्या, हातात सड्याची बादली. विनोद त्यांच्यासमोर थांबला आणि हात वर करून ओरडला,

"तुळसाबाईचा ओटा!"

कोणी जबाब दिला नाही. पुढच्याच्या खांद्यावरची फांदी खाली आली. या गल्लीत ज्याच्या घरी त्या बाईनं दिवा, पाणी, रस्ता आणून दिला नाही असा एकही माणूस नव्हता, आणि आता तिचंच नाव रोगराईच्या रांगेत. माझ्या डोक्यात सणक गेली. मी गर्दीतून वाट काढत पुढे निघालो. विनोदला काय केलं असतं देव जाणे, पण मी पोचायच्या आत आवाज आला.

"घेऊन जा गे मारबत!"

तो आवाज तुळसाबाईंचा होता. बादली खाली ठेवून, पदर खोचून, रोवणीच्या बांधावरून हाक मारावी तशा त्या ओरडल्या. लोक पाहतच राहिले. त्यांनी पुन्हा म्हटलं, "काहून गप बसले रे? येकटीनं म्हनू का मी? घेऊन जा गे मारबत!" तेव्हा कुठे सगळ्यांचा आवाज निघाला. विनोदला गाठायचं विसरून मी तिथेच थांबलो आणि अभिमानानं त्या बाईकडे पाहत राहिलो.

विनोदची मान खाली गेली होती. त्याला त्या म्हणाल्या, "बेस केलं, इनोद. तोंडावर बोललास. मांगं बोलत होतास ते मले आवडत नोव्हतं."

फांद्या शिवेबाहेर टाकून मी घरी आलो तर त्या माझ्या खुर्चीत बसलेल्या. म्हणाल्या, "लिवा."

मी म्हटलं, "वयनी, तक्रार कायले? मॅडमला फोन करून सांगतो, काढा म्हणून."

"नाही. तक्रारच लिवा. नालीवर ओटा बांधून पानी अडवलं. अडवनारीचं नाव तुळसाबाई लक्ष्मण सेलोकर. अन् खाली तक्रार करनारीचं नाव, तेच."

"असं कोणी लिहितं का?"

"आजवर साऱ्याईचे नावं लिवले ना तुमी? मंग माझंच काहून गाळता?"

मी लिहिलं. फोटो पाहिजे म्हटल्यावर त्या घरी गेल्या, सणाचं लुगडं नेसून आल्या आणि ओट्याच्या मधोमध बसल्या. या वेळी फोटोत त्या एकट्याच होत्या. कोणीही केस विंचरून आलं नाही, आणि मीही चिडलो नाही.

संध्याकाळी कामिनी मॅडमचा फोन आला. तिला वाटलं, माझ्याकडून नावात घोटाळा झाला. मी सांगितलं, घोटाळा नाही, बाईच तशी आहे. मग म्हणाली, "काका, त्यांना सांगा, मी येणार आहे. चहा प्यायला."

ओटा काढायचा दिवस उजाडला. जेसीबी गल्लीत वळेना, म्हणून दोन मजूर घन आणि सब्बल घेऊन आले. सगळी गल्ली जमली. सुलोचनाबाई गुडघे धरत आल्या आणि तुळसाबाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. पहिला घाव बसला तेव्हा त्यांनी तुळसाबाईंचा हात घट्ट धरला. फरशा निघाल्या, पण खालचं काँक्रीट काही हलेना. घन आपटून उडायचा. मजूर घामाघूम झाले, सदरे काढले, पाणी प्यायले, पुन्हा लागले. दुपार झाली तरी जेमतेम अर्धा कोपरा फुटला होता. मी चोरून तुळसाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. सकाळी त्यांचे डोळे भरलेले होते. जसजसे घाव वाया जाऊ लागले, तसतशी त्यांची मान वर येऊ लागली. दर वाया गेलेल्या घावाला त्या सुलोचनाबाईंना कोपरानं ढोसत होत्या.

शेवटी दोघांतल्या थोराड मजुरानं घन टेकवला, कपाळ पुसलं आणि विचारलं, "कोनं बांधला होता जी हा? इतके ओटे फोडले, असा नाही पायला. फुटूनच नाही राहिला."

"आमच्या बुढ्यानं," तुळसाबाई म्हणाल्या. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. मग त्यांनी हात लांब केला आणि रांगेतला एकेक ओटा दाखवत नेला, माझा, त्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा, थेट विनोदच्या पानठेल्याखालच्या स्लॅबापर्यंत. विनोद तिथे पान लावायचं सोडून उभा होता. त्यानं मान हलवली.

"अन् पुढचे हे सारे त्याईनंच बांधले आहेत. उद्या येजा तं याच्याहून मोठा घन आनजा, भाऊ."